डोळे उघडे ठेवून प्रार्थना

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मंडळीतली तरुण मुलं मला हे वरचेवर विचारतात: "रोज जाण्यायेण्यात दोन तास जातात. त्या वेळात ख्रिस्ती म्हणून करायचं काय? शेजारच्याला येशूची सुवार्ता सांगायची, की गप्प बसून प्रार्थना करायची?"

माझं पहिलं उत्तर ऐकून ती हिरमुसतात. दहा मिनिटं आधी घर सोडा.

डार्ली आणि बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवलं. काहींचा विषयच चांगल्या शोमरोन्याचा दाखला होता, म्हणजे यरीहोच्या वाटेवर लुटलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्याची येशूने सांगितलेली गोष्ट. वाटेत एका दारापाशी खोकत, कण्हत पडलेला माणूस मुद्दाम बसवला होता. ज्यांच्या हाताशी वेळ होता त्यांच्यातले 63 टक्के मदतीला आले. "उशीर झालाय, पळा" असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त 10 टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने फारसा फरक पडला नाही. त्या दाखल्यातले याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) जखमी माणसाला पाहून बाजूने का निघून गेले, ते शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगत नाही. मी का निघून जातो ते मला माहीत आहे. बहुतेक वेळा घड्याळामुळे.

निकड प्रभू येशूलाही होती. सभास्थानाचा अधिकारी याईर याची बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकलेली, येशू तिच्याकडे निघालेला, लोकसमुदाय अंगावर येतोय, आणि बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली एक बाई मागून वस्त्राला हात लावते. तो थांबतो. तिला शोधतो, तिचं सगळं ऐकून घेतो. तेवढ्यात मुलगी गेल्याचा निरोप येतो. मार्काच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय एकदा याईराच्या जागी उभं राहून वाचा. त्या थांबण्याने त्याचा जीव किती कासावीस झाला असेल!

प्रार्थनेचं म्हणाल, तर मी बरीच वर्षं बसायला जागा मिळाली की डोळे मिटून प्रार्थना करायचो. एकदा आमेन म्हणून डोळे उघडले, तर समोर एक आजी एका हाताने दांडा धरून उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. मी उठलो, त्या काही न बोलता बसल्या. त्यांच्या हाताची थरथर अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून प्रवासात मी डोळे उघडे ठेवूनच प्रार्थना करतो. समोरच्या एकेका चेहऱ्याकडे बघतो (टक लावून नव्हे) आणि त्याच्यासाठी दोन वाक्यं मनात म्हणतो. परतताना दमलेला असलो तर बायबलमधलं 121वं स्तोत्र पुरतं. यरुशलेमेकडे चढून जाणाऱ्या यात्रेकरूंच्या 15 आरोहणस्तोत्रांतलं ते एक, आणि त्याचा शेवट जाण्यायेण्याच्या रक्षणावरच होतो.

आता सुवार्तेबद्दल. चालत्या गाडीतून समोरच्याला उतरता येत नाही, हे आधी ध्यानात घ्यावं. त्याला कोपऱ्यात गाठून बोलणं मला पटत नाही. मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूला अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य भेटले, तेव्हा त्याने सुरुवात प्रश्नाने केली: तुम्ही कशाबद्दल बोलताय? आधी त्या दोघांचं दुःख ऐकलं, मग शास्त्र उलगडलं. गाझाच्या वाटेवर सुवार्तिक फिलिप्पानेही रथात शास्त्र वाचत बसलेल्या कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याला एवढंच विचारलं, की वाचताय ते समजतंय का. रथात चढला तो त्याने बोलावल्यावर. आणि आपले कवी नारायण वामन टिळक! रेल्वेच्या डब्यात भेटलेला एक अनोळखी परदेशी गृहस्थ त्यांच्याशी आदराने बोलला आणि त्याने बायबलचा नवा करार हाती ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मला त्या नव्या करारापेक्षाही आधीचा तो आदर महत्त्वाचा वाटतो.

गेल्या आठवड्यात शेजारी बसलेल्या एका मुलाने विचारलं, "काका, तुम्ही मघापासून काय पुटपुटताय?"

"प्रार्थना करतोय. आता तुझ्यासाठीच करत होतो."

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "आई आजारी आहे. तिच्यासाठी कराल?"

मी तिचं नाव विचारून घेतलं. त्याचं विचारायच्या आत त्याचं ठिकाण आलं आणि तो उतरला.