वाईट टोमॅटोवाला

परवा आठवडी बाजारातून दोन किलो टोमॅटो आणले, वरचे सगळे लालबुंद, आणि घरी येऊन पिशवी ओतली तर तळाचे पाच-सहा पिचलेले, एक तर हातातच फुटला. चिडचिड झाली पण राग काही टिकला नाही, कारण नेमकं त्याच आठवड्यात मी जुन्या मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या कामधंद्यांबद्दल वाचत होते आणि हा माणूस मला तिथे आधीच भेटलेला होता. टोमॅटो हा शब्दच मुळी त्यांचा, नावाट्ल भाषेतला 'टोमाट्ल'. फळ इतक्या लांबून आलं तर विकणाऱ्याच्या खोडी मागे कशाला राहतील!

बर्नार्दिनो दे साहागून नावाचा स्पॅनिश पाद्री १५२९ साली मेक्सिकोत गेला आणि तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून, तिथल्याच शिकलेल्या पोरांना हाताशी धरून त्याने बारा भागांचा ग्रंथ केला. दहाव्या भागात एकेक धंदा घेतलाय, आधी चांगला कसा असतो ते आणि मग वाईट कसा. चांगले सगळे लग्नाच्या बायोडेटातल्यासारखे, कष्टाळू, प्रामाणिक, वाचून विसरून जावेत असे. मजा वाईटांची. वाईट टोमॅटोवाला नासके, पिचलेले, जुलाब लावणारे टोमॅटो विकतो, शिवाय घसा खवखवणारे कच्चे हिरवे पण. तमाल म्हणजे मक्याच्या पिठाचं, आत सारण भरून वाफवलेलं प्रकरण, ते विकणारा वाईट असेल तर शिळे, गार, चिकट, बेचव, वास मारणारे अशी यादी संपतच नाही, सांगणाऱ्याचं पोट नक्की कधीतरी बिघडलेलं असणार.

बाकी कामंही होतीच. ओझं ओढायला जनावर नाही, गाडी नाही, त्यामुळे सगळा माल हमालांच्या पाठीवर, कपाळाला पट्टा लावून. आमांतलानच्या वस्तीत पिसांचं काम करणारे, ते पिसं चिकटवून ढाली न् पंखे करायचे, आणि घरातल्या पोरांकडे खळ तयार करायचं काम. पण मला आवडले ते पोच्तेका, लांबलांब फिरणारे व्यापारी. महिनोन्‌महिने पायपीट करून पिसं, कोको असला भारी माल आणायचे, आणि गावात शिरायचे रात्री, होडीतून, गुपचूप. माल उतरवायचा तो पण स्वतःच्या घरी नाही, काकाकडे नाहीतर बहिणीकडे, आणि कुणी विचारलं तर माझा नाही हो. अंगावर साधं जाडंभरडं कापड. सरदारांच्या डोळ्यावर यायला नको ना! (आमच्या ओळखीत एक आहेत असे, चारचाकी गल्लीच्या टोकाला लावून चालत येतात.)

आता कोको. त्याच्या बिया म्हणजे चहापाण्याला सुट्टे पैसे, आणि पैसा म्हटला की खोटा पैसा आलाच. वाईट कोकोवाला बीचं साल अलगद काढून आत राजगिऱ्याचं पीठ, मेण, नाहीतर अ‍ॅव्होकॅडोच्या कोयीचा तुकडा भरायचा आणि परत साल चढवायचा. हे वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ नुसती बसले. बी केवढी, तर बदामाएवढी. माणूस चुलीपाशी बसून कोय तासतोय, साल फाटू नये म्हणून श्वास रोखून धरतोय, अख्खी संध्याकाळ.

आणि मिळणार किती? ट्लाश्काला या तिथल्याच शहराचा १५४५ सालचा एक बाजारभाव सापडलाय, स्पॅनिश राज्य आल्यानंतरचा, पण बिया अजून चालत होत्या. कोंबडीसारखी टर्की शंभर बियांना, तमाल एका बीला, मोठा टोमॅटोही एका बीला. पिकलेला अ‍ॅव्होकॅडो पण एकच बी, म्हणजे गर खाऊन वर कोयीतून चार-पाच बिया सहज सुटल्या असत्या, गणित तसं वाईट नव्हतं.

फक्त ती खोटी बी घेऊन तो बाजारात जाणार, मोठा बघून एक टोमॅटो घेणार, आणि समोर बसलेला असणार तो जुलाबवाला.