किती लाखांची पॉलिसी, हे नंतर विचारा

साठी ओलांडलेल्या माझ्या मैत्रिणी भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आरोग्य विम्याची किती लाखांची पॉलिसी घेतलीस गं?" माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी दोन गोष्टी विचारा: हॉस्पिटलच्या खोलीभाड्याला मर्यादा आहे का, आणि को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला आपण भरायचा वाटा, किती.

हे निवृत्त झाल्यावर कंपनीचा मेडिक्लेम संपला. ह्यांना मधुमेह आणि बीपी, माझे गुडघे कुरकुरणारे. तेव्हा मी चार पॉलिसींची माहितीपत्रकं डायनिंग टेबलावर पसरून हिशेब मांडला. समजा विमा ५ लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार. गर्दीच्या दिवसांत ८ हजारांचीच खोली मिळाली. आपल्याला वाटतं, वरचे ३ हजार आपण भरू. पण तसं नसतं. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं खोलीच्या दर्जाप्रमाणे लागतं, म्हणून कंपनी तेही त्याच प्रमाणात कापते. असा खर्च २ लाख झाला तर मंजूर होतात सव्वा लाख. त्यावर २० टक्के को-पे असला की हातात १ लाख. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लागत नाही, एवढाच दिलासा. आम्ही खोलीभाड्याची अट नसलेली पॉलिसी घेतली. हप्ता जास्त बसला, पण मला तो पटला.

६५ नंतर नवी पॉलिसी मिळतच नाही, असं अजून पुष्कळांना वाटतं. एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने वयाची ती अट काढली. कंपनी तपासण्या मागेल, हप्ता वाढवेल, कधी नकारही देईल. पण वय बघून दारातूनच परत फिरायचं कारण उरलं नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला.

आता फॉर्मबद्दल. घरी आलेला विमा एजंट मुलगा म्हणाला, "काकू, शुगरचं कशाला लिहिताय, हप्ता वाढेल." मला मनापासून राग आला. त्याचं कमिशन आज, आणि क्लेम नाकारला गेला तर कॅश काउंटरसमोर उभी राहणार मी! फॉर्म मीच भरला. मधुमेह कोणत्या वर्षापासून, गोळ्यांची नावं, शेवटचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, सगळं लिहिलं आणि भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स फाइलला लावली. सांगितलेल्या जुन्या आजारांचा खर्च मिळायला थांबावं लागतं, पण आता जास्तीत जास्त ३ वर्षं. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांना बहुतेक ठिकाणी २ वर्षं. म्हणून गुडघा अगदीच बोलायला लागेपर्यंत वाट बघू नका. पॉलिसी हातात आली की ३० दिवसांत ती परत करता येते. ते दिवस वाचण्यात घालवा.

ज्यांची जुनी पॉलिसी आहे त्यांनी चिडून ती बंद पाडू नये. नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज केला तर ती दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता, म्हणजे हलवता येते आणि थांबलेली वर्षं फुकट जात नाहीत. क्लेम अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल आहेत. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.

ह्यांना नुकतीच ७० पूर्ण झाली, तेव्हा आधार दाखवून सरकारच्या मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढलं. उत्पन्नाची अट नाही, खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं, घरातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाख. पण आमचे नेहमीचे डॉक्टर ज्या हॉस्पिटलात बसतात ते या योजनेच्या यादीत नाही, म्हणून मेडिक्लेमचा हप्ता चालूच ठेवलाय.