मलबेरी पेपरला कात्री लावण्याआधी

दुकानात ‘मलबेरी पेपर’ मागितला की काउंटरवर तीन-चार वेगळ्याच वस्तू येतात आणि त्यातली एखादीच खरी असते. कधी फुलांच्या पाकळ्या घातलेला जाड सुती हातकागद, कधी नेपाळी लोकता, तर कधी बुके गुंडाळायला वापरतात ते सिंथेटिक जाळीदार कापड. दुकानदार दरवेळी फसवतच असतो असं नाही, त्याच्याकडे आलेल्या गठ्ठ्यावरच ते नाव असतं. त्यामुळे ओळख आपल्यालाच पटवावी लागते.

हा कागद कागदी तुतीच्या सालीचा. रेशीमवाल्या तुतीची ही नातेवाईक, पण झाड वेगळं. थायलंडमध्ये तिच्या कागदाला ‘सा’ म्हणतात, जपानमध्ये हे झाड ‘कोझो’, कोरियात ‘दाक’. खोडाचं लाकूड यात लागतच नाही, लागतो तो सालीच्या आतला पांढरा थर. त्यातला धागा सरासरी दहाएक मिलीमीटर लांब असतो. वहीच्या कागदात लाकडाचा लगदा असतो, त्याचा धागा जेमतेम १ ते ३ मिलीमीटर. या कागदाचं जे काही कौतुक आहे आणि जी काही कटकट आहे, ती सगळी या लांबीतून येते.

म्हणून ओळखायचा तोही धाग्यावरूनच. आधी कागद उजेडासमोर धरा. लांब, वळणदार, रेशमासारखे चमकणारे धागे एकमेकांत गुंतलेले दिसले पाहिजेत. मग एक कोपरा कोरडाच फाडा. खरा मलबेरी सहजासहजी फाटत नाही, आणि फाटलाच तर कडेला केसांसारखे धागे लोंबतात. सुती हातकागद फाटतो तेव्हा नुसती बारीक लव दिसते. तरीही शंका राहिली तर नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. कागद असेल तर जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. सिंथेटिक असेल तर आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतो.

लोकता मात्र या तिन्ही परीक्षांत पास होतो, कारण तोही सालीचाच कागद आहे, फक्त डॅफ्ने नावाच्या हिमालयी झुडपाच्या सालीचा. अरुणाचलमधल्या तवांगचा ‘मोन शुगु’ कागद त्याच कुळातला. लोकता थोडा पिवळसर असतो आणि हलवला तर खडखडतो, मलबेरी कापडासारखा गप्प असतो. कंदील, बाइंडिंग, खोक्यांवर चढवणं या कामांना लोकता बिनदिक्कत वापरावा. कागदी फुलांसाठी मात्र मलबेरीच घ्यावा, कारण लोकता वळवला की पाकळी ताठ राहते, मुरडत नाही. पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून बनतो तो कागद सुती चिंध्यांचा. लिहायला, छापायला उत्तम, पण त्याच्याकडून सालीच्या कागदाची कामं होणार नाहीत.

जाडी न विचारता घेऊ नका. ती जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधल्या वजनात सांगतात. जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीला १० ते २० जीएसएम, कंदील आणि दिव्यांना २५ ते ४०, खोकी आणि वहीच्या कव्हरला ६० च्या पुढे. दुकानात माहीत नसेल तर घरी वजन करा. थाई कागदाचं नेहमीचं माप ५५ × ८० सेंमी, म्हणजे ०.४४ चौरस मीटर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ताव १३ ग्रॅम भरला तर १३ भागिले ०.४४, साधारण ३० जीएसएम. काटा एक-दोन ग्रॅमची गडबड करतोच, म्हणून एकसारखे पाच ताव एकदम ठेवून पाचने भागावं.

रंगीत कागद घेतला तर तो रंग सोडतो का, ते कामाला हात लावण्याआधी बघायचं. ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर दहा सेकंद दाबून धरा. गडद लाल आणि निळ्याच्या बाबतीत ही परीक्षा कधीही टाळू नये. रुमालाला रंग लागला तर तो कागद ओल्या खळीच्या कामात नको, त्याची कोरडी फुलं करा.

फाडायचा कसा

या कागदाची खरी मजा फाटलेल्या कडेत आहे. कात्रीने लांब धागे सपकन तुटतात आणि कड करकरीत दिसते. तो कागद दुसऱ्या कागदावर चिकटवला की ती रेघ कायम डोळ्यांत खुपते. ओल्या रेषेवर फाडला तर धागे न तुटता एकमेकांतून सरकून बाहेर येतात. चिकटवल्यावर ती लव खालच्या कागदात विरघळल्यासारखी दिसते आणि पकडही चांगली घेते.

कृती सोपी आहे. काचेवर किंवा सनमायकावर कागद ठेवायचा, पट्टी लावायची आणि शून्य नंबरच्या ब्रशने पाण्याची एक रेघ ओढायची. पातळ कागदाला एक हात पुरे, ६० जीएसएमला दोन-तीन हात आणि मागून एक. पंधरा-वीस सेकंद थांबायचं. मग रेषेच्या दोन्ही बाजूंना तळवे टेकवून कागद सरळ बाहेरच्या दिशेने ओढायचा. आपली सवय एक हात वर, एक खाली करून चर्रकन फाडायची, इथे नेमकं तेच करायचं नाही. तसं केलं की फाट रेष सोडून भलतीकडे जाते. पाणी जास्त झालं तर रेष पसरून बोटभर रुंद होते आणि कडेला लवेऐवजी गोळे येतात. अशा वेळी ओढू नका, टिश्यूने टिपून घ्या आणि अर्धा मिनिट थांबा.

खळ

पांढरा फेव्हिकॉल जाड कागदाला, खोक्यांना चालतो. पातळ मलबेरीतून मात्र तो आरपार येतो, वाळल्यावर प्लास्टिकसारखा चमकतो आणि चूक झाली तर निघत नाही. या कागदाला गव्हाच्या स्टार्चची खळ लागते. जपानी कागद दुरुस्तीवाले जो स्टार्च वापरतात तो आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी निघतो: कुरडयांचा चीक! गहू तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, वाटून, फडक्यातून गाळून, रात्रभर निवळत ठेवलं की तळाशी जो पांढरा थर बसतो तोच. कुरडयांचा हंगाम असेल तर त्यातला वाटीभर बाजूला काढावा. मीठ आणि हिंग पडण्याआधी, हे सांगायला नकोच.

या चिकाला आंबूस वास असतो. हा आंबटपणा कागदाला बरा नाही, म्हणून चिकावर स्वच्छ पाणी घालून ढवळायचं, बसू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं. असं दोन-तीनदा, वास जाईपर्यंत. मग पाव वाटी घट्ट चिकाला पाऊण वाटी पाणी घालून मंद आचेवर सतत हलवत १५ ते २० मिनिटं शिजवा. दुधी पांढरा रंग जाऊन खळ अर्धपारदर्शक होते आणि चमचा जड लागतो. घाईने उतरवली तर खळ वाळल्यावर पांढरी पूड धरते. पूर्ण गार झाल्यावर चहाच्या गाळणीतून दोनदा दाबून काढा, नाहीतर गुठळी पातळ कागदाखाली फोडासारखी उठून दिसते. नंतर थोडं थोडं पाणी घालून कामाप्रमाणे पातळ करायची. दोन कागद एकमेकांवर चढवायला ताकासारखी, पुस्तकाच्या दुरुस्तीला श्रीखंडासारखी.

चीक नसेल तर मैद्याची खळ चालते, पण झुरळांना ती फार आवडते. काही बाइंडर खळीत मोरचूद घालतात. कीड लागत नाही हे खरं, पण मोरचूद विषारी आहे आणि त्यातलं तांबं कागदाला कालांतराने ठिसूळ करतं. त्यापेक्षा थोडी थोडी खळ करावी, फ्रिजमध्ये ठेवावी आणि पाच-सहा दिवसांत संपवावी. पाणी सुटलं किंवा वास आला तर फेकून द्या.

पुस्तकाचं सुटलेलं पान बसवायचं असेल तर १० ते २० जीएसएमची, सेंटिमीटरभर रुंद पट्टी ओली करून फाडा आणि घट्ट खळ अगदी पातळ हाताने लावा. पट्टी बसवल्यावर दोन्ही बाजूंना बटर पेपर, त्यावर टीपकागद, त्यावर वजन, आणि एक रात्र. खळ पातळ राहिली तर जुन्या पानावर पाण्याची तपकिरी रेघ उमटते आणि ती जात नाही.

एका तावाचा कंदील

२० × २० × ३० सेंमीचा चौकोनी आकाशकंदील ५५ × ८० च्या एका तावात बरोबर बसतो. प्रत्येक बाजूला दीड सेंमी जादा धरून २३ × ३३ चे चार तुकडे निघतात, आणि उरलेल्या ९ सेंमी आणि १४ सेंमीच्या पट्ट्यांतून झिरमिळ्या. सांगाड्याला बांबूच्या कामट्या: ३० सेंमीच्या चार, २० सेंमीच्या आठ. कामट्या आठ मिलीमीटरहून बारीक नकोत, कारण पुढे कळेलच. सांधे दोऱ्याने बांधून घ्या आणि कामट्यांना पॉलिश पेपर मारा. एखादी कूस राहिली तर कागद ताणला की नेमका तिथेच फाटतो.

पतंगी कागदाच्या सवयीने लोक खळ कागदाला लावतात. मलबेरी खळीने ओला होऊन पसरतो, मग सुरकुत्या सावरता सावरता जीव जातो. इथे खळ कामटीला लावायची आणि कोरडा कागद वरून अलगद टेकवायचा, थोडा सैलच. आधी समोरासमोरच्या दोन बाजू. त्यांचं जादा दीड सेंमी कामटीच्या बाजूला मुडपायचं. मग उरलेल्या दोन बाजू लावून वाळल्यावर कडेबरोबर कापायच्या. चारही बाजू मुडपल्या तर दिवा लावल्यावर कोपऱ्यात दुहेरी कागदाची काळपट पट्टी दिसते. (कात्री या सगळ्या प्रकरणात इथे एकदाच लागते.)

रात्रभर वाळू द्या. सकाळी कागद पोकळ, सैल दिसेल, घाबरू नका. झाडांवर मारायच्या बारीक फवाऱ्याने हातभर अंतरावरून पाण्याचं एकच धुकं सोडा. वाळताना कागद आखडतो आणि तबल्याच्या पुडीसारखा ताणून बसतो. इथे बारीक कामट्या वाकतात, आणि आधीच ताणून लावलेला कागद कडेला उसवतो. खळ ओली असताना फवारलं तर सगळं घसरून खाली येतं.

आत पाच वॉटचा एलईडी लावा. जुना साठ वॉटचा पिवळा दिवा प्रकाश छान देतो, पण कागद भाजून तपकिरी करतो आणि आगीची भीती वेगळी. दिवाळीत परतीचा पाऊस आला तर हा कंदील छपराखालीच हवा, गव्हाची खळ पाण्यात सुटते. थायलंडमधल्या चियांग माईजवळच्या बो सांग गावच्या छत्र्या याच कागदाच्या असतात आणि त्यांना तेलाचा हात दिलेला असतो, पण दिव्याभोवतीच्या कागदाला तेल लावायच्या फंदात पडू नये.

आपल्या तुतीचा कागद

बीड-जालन्याकडे रेशमासाठी तुतीचे मळे आहेत आणि पाला अळ्यांना घातल्यावर फांद्या उरतात. त्या सालीचाही कागद होतो, उझबेकिस्तानातल्या समरकंदजवळ आजही होतो. कोझोइतका मजबूत नाही, पण फुलांना आणि कंदिलाला पुरेसा. फांद्या ताज्या हव्यात, वाळल्या की साल सुटत नाही. तासभर वाफवून साल ओढून काढा आणि वरची तपकिरी कात बोथट सुरीने खरवडून टाका, नाहीतर कागदात काळे ठिपके येतात.

१०० ग्रॅम वाळलेल्या पांढऱ्या सालीला २० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि दोन लिटर पाणी. साल रात्रभर भिजवून स्टीलच्या पातेल्यात दोन-तीन तास उकळा. ॲल्युमिनियमचं भांडं सोडा खातो. साल बोटांनी आडवी ओढल्यावर जाळीसारखी उलगडली की झालं. सोड्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवायची आणि मग पाटावर ठेवून लाकडी मोगरीने कुटायची, अर्धा-पाऊण तास. मिक्सरचा मोह होतोच, पण पाती लांब धागे कापतात, आणि ते गेले की हाती वहीचाच कागद येतो. चिमूटभर लगदा ग्लासभर पाण्यात हलवून बघा. गुठळी न राहता कापसासारखा पसरला की चाळणीवर ताव घ्यायला तयार.

लांब धागे पाण्यात एकमेकांना धरून गोळा होतात. जपानमध्ये त्यावर तोरोरो-आओई नावाच्या झाडाच्या मुळांचा चिकट रस घालतात, आणि ते झाड आपल्या भेंडीच्या कुळातलं. पाच-सहा भेंड्या चिरून अर्धा लिटर गार पाण्यात रात्रभर ठेवा आणि गाळून तो बुळबुळीत रस लगद्याच्या घमेल्यात घाला. गरम पाणी वापरू नका, रस पातळ होऊन निकामी होतो. घमेल्यात हात फिरवून थांबल्यावर धागे तळाशी न बसता तरंगत राहिले तर रस पुरला. चाळणीतून पाणी निथळायला दोन-तीन मिनिटांवर वेळ लागत असेल तर जास्त झाला, थोडं साधं पाणी वाढवा.