पांढऱ्या पापण्यांची गाय

श्रावणातली पहाट, साडेचार वाजलेले. फोनवर काकी एवढंच म्हणाल्या, "डॉक्टरबाब, गाय अडली." गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या त्या वाड्यापर्यंत गाडी जात नाही. ओहळाच्या पुढे गमबूट आणि खांद्यावर पेटी.

गाय ठेंगणी, माझ्या कमरेच्या जरा वर. दोन खुर बाहेर आलेले; त्यांच्या जाडीवरूनच पोटात गोळा आला. कृत्रिम रेतन मीच केलं होतं, जर्सीचं. काकींना दूध वाढवून हवं होतं आणि मला नको म्हणायचं सुचलं नव्हतं. इंग्लिश खाडीतल्या बेटाची ती जात आता सत्तरीच्या गाईत अडकून बसली होती.

हात घातला. डोकं सरळ होतं. जीभ चिमटीत धरून ओढली तर आत घेतली, म्हणजे जिवंत. भरपूर लिक्विड पॅराफिन सोडलं, पायांना दोऱ्या बांधल्या. अशा वेळी दोन्ही पाय एकदम ओढायचे नसतात. आधी एक खांदा, मग दुसरा, तेही गाय कळ देईल तेव्हाच. काकींचा मुलगा उतावीळ, त्याला दोनदा दटावावं लागलं. पाऊण तासाने कालवड बाहेर आली. नाकात गवताची काडी फिरवली, तशी शिंकली.

चहा होईपर्यंत गाईच्या कानातल्या टॅगचं काम काढलं. बारा आकडी नंबर टोचला, आणि जातीच्या रकान्यापाशी थांबलो. इतकी वर्षं मी तिथे 'गावठी' टाकत आलो. बॅटरीच्या उजेडात गाईच्या पापण्या दिसल्या, पांढऱ्या! नाकाडापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत तोच रंग. जनावरांच्या जाती नोंदवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोने नोंदवलेली गोव्याची श्वेत कपिला ती हीच.

"म्हणजे हिला नाव आहे?" काकी.

परभणीला शिकताना देवणी आणि लालकंधारी पाहिल्या होत्या. एक लातूरकडच्या देवणीची, दुसरी नांदेडच्या कंधारची. भर पावसात टिकणारी डांगी डांगची. गोव्यात गावाचं नाव मिळालं ते काणकोणच्या डुकराला, अगोंदा गोवन. गाईला मात्र नुसता रंग. मला ते अजून खटकतं.

काकींना त्याचं काही नव्हतं. तांबूस कालवडीला चाटणाऱ्या गाईकडे बघत त्या म्हणाल्या, "पुढच्या बारीला खालच्या वाड्यावरच्या पांढऱ्या पाड्याकडेच नेते हां."

मी दोऱ्या धुवत होतो. बरं म्हणालो.