आमची वाटचाल : करार संपवणारी कलमे

पुण्यातील आमच्या भाषांतर संस्थेची सुरुवात यंत्रांच्या माहितीपुस्तिकांपासून झाली. चाकण, भोसरी भागातील जे कारखानदार जर्मन यंत्रे आणत, त्यांना आम्ही जर्मन मजकूर इंग्रजीत करून देत असू. पुढे तेच ग्राहक पुरवठ्याचे आणि वितरक नेमणुकीचे करार पाठवू लागले आणि कामाचे स्वरूप पालटले. मालाची व किमतीची कलमे फारशी अडवत नाहीत. कसोटी लागते ती करार संपवण्याच्या कलमांत. या कलमांसाठी आम्ही वेगळा वेळ आणि वेगळा दर ठेवला, आणि संस्थेची ओळख त्यातूनच घडली.

१९०० सालापासून लागू असलेली जर्मन दिवाणी संहिता करारातून बाहेर पडण्याचे मार्ग काटेकोरपणे वेगळे ठेवते. भाडे, नोकरी, वितरण अशा चालू राहणाऱ्या संबंधांना 'क्युंडिगुंग' (सूचना देऊन करार संपवणे) लागू होते आणि तिचा परिणाम पुढच्या काळापुरताच असतो. 'र्‍युकट्रिट' (करारातून माघार) जाहीर केल्यावर मात्र कलम ३४६ प्रमाणे दोन्ही पक्षांना मिळालेले परत करावे लागते. फसवणूक, धमकी किंवा विशिष्ट प्रकारची चूक यांच्या आधारे केलेल्या 'आनफेश्टुंग'ने (व्यवहाराला दिलेल्या आव्हानाने) व्यवहार कलम १४२ नुसार मुळापासूनच शून्य ठरतो. ठरावीक करारांत ग्राहकाला कारण न देता १४ दिवसांत वापरता येणारा 'विडररुफ' हा आणखी निराळा हक्क. या सगळ्यांना सरसकट 'टर्मिनेशन' म्हटले तर इंग्रजी वाक्य सुबक दिसते, पण दिलेली आगाऊ रक्कम परत मागता येईल का, या प्रश्नाचे उत्तरच त्यातून नाहीसे होते.

सर्वांत जास्त विचार आम्ही 'र्‍युकट्रिट'वर केला. 'रिसिझन' हा शब्द जवळचा वाटतो. परंतु इंग्लिश कायद्यात तो करार आरंभापासून पुसला जाण्याशी जोडलेला आहे, आणि करारभंगामुळे करार संपणे ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, हे तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७९ मध्ये 'जॉन्सन विरुद्ध ॲग्न्यू' खटल्यात स्पष्ट केले. जर्मन 'र्‍युकट्रिट' बहुधा करारभंगातूनच उद्भवतो, तरीही देवाणघेवाण उलटी फिरवतो आणि २००२ च्या सुधारणेनंतर नुकसानभरपाईचा हक्कही शाबूत ठेवतो. म्हणून आम्ही 'विथड्रॉवल' लिहितो, शेजारी मूळ जर्मन शब्द आणि कलमाचा क्रमांक देतो, आणि परिणाम सांगणारी एका वाक्याची टीप जोडतो. काही वकिलांना अशा टिपा नकोशा वाटतात. त्यांना आम्ही कारण समजावतो, पण टीप काढत नाही.

'आनफेश्टुंग'साठी 'अव्हॉइडन्स' चालतो. मात्र आंतरराष्ट्रीय मालविक्रीविषयीच्या संयुक्त राष्ट्र करारात हाच इंग्रजी शब्द करारभंगानंतर करार रद्द करण्यासाठी आहे. भारत त्या कराराचा सदस्य नाही, जर्मनी आहे. त्यामुळे पुण्याच्या खरेदीदाराने मालविक्रीसाठी जर्मन कायदा मान्य केला आणि हा संयुक्त राष्ट्र करार वगळला नाही, तर तोही लागू होऊ शकतो. म्हणून कायद्याची निवड करणारे कलम आम्ही आधी वाचतो.

मुदतीचे शब्दही तितकेच मोलाचे. 'तिमाहीअखेर लागू, तीन महिन्यांची सूचना' या अटीतील तिमाही भाषांतरात गळली, तर ५ एप्रिलला पोहोचलेल्या सूचनेने करार ५ जुलैला संपतो असा समज होईल. प्रत्यक्षात तो ३० सप्टेंबरपर्यंत चालतो. नोकरीचा करार संपवताना कलम ६२३ प्रमाणे सही केलेला कागदच लागतो, ईमेल चालत नाही. तिथे नुसते 'इन रायटिंग' अपुरे पडते.

रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्स म्युलर भवनात शिकून आमच्याकडे येणाऱ्यांचे जर्मन उत्तम असते. तरीही त्यांच्या हाती आम्ही प्रथम शब्दकोश देत नाही, संहितेतील ही कलमे देतो, आणि प्रत्येक भाषांतर दुसऱ्या सहकाऱ्याने मूळ जर्मनशी ताडून पाहिल्याशिवाय ग्राहकाकडे जात नाही. सध्या आम्ही वितरकांच्या करारांसाठी स्वतंत्र शब्दसूची तयार करत आहोत.