चिलीत 'असुलीयो' बघायला जाणार असाल तर आधी हे वाचा

गाईडशी बोलताना 'असुलीयो' हा शब्द तोंडातून काढू नका. मी काढला, आणि माणशी १,२०,००० पेसो (आपले साधारण अकरा हजार रुपये) आणि ऑक्टोबरमधला एक स्वच्छ उन्हाचा दिवस असं दोन्ही घालवून बसले.

मला बघायचं होतं ते असुलीयो म्हणजे टेकोफिलिया सायनोक्रोकस. सान्तियागोच्या आसपासच्या अँडीजमधलं, जमिनीपासून जेमतेम चार-पाच बोटं वर येणारं निळं फूल. हे कंदातून उगवतं. १८६२ साली लेबोल्ड या वनस्पती-अभ्यासकांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नंतर युरोपातल्या बागांसाठी त्याचे कंद उपसले गेले. जे उरलं त्यावर गुरं चरली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ते निसर्गातून संपलं, असंच सगळे धरून चालले होते. २००१ मध्ये सान्तियागोच्या दक्षिणेला ते पुन्हा सापडलं. रत्नागिरीच्या सड्यावर दीपकाडी फुलली की मी दर पावसाळ्यात जाते, त्यामुळे एवढ्याशा जागेत तग धरून राहिलेल्या कंदाचं मला फार वाटतं. या एका फुलासाठी मी तीन वर्षं पैसे साठवले.

माझा मावसभाऊ सान्तियागोत नोकरीला आहे. त्याने एक गाईड ठरवला. मी फुलाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'असुलीयो दाखवाल ना?' उत्तर आलं, 'नक्की, भरपूर आहेत.' जे फूल संपलं असं पन्नास वर्षं लोक समजत होते, ते भरपूर कसं असेल? 'भरपूर' हा शब्द वाचूनच मी थांबायला हवं होतं.

सान्तियागोजवळच्या काहोन देल माइपो या दरीच्या रस्त्याने दोन तास गाडी, मग अर्धा तास चढ. समोर कमरेएवढे दांडे, एकेका दांड्यावर चांदणीसारखी बरीच निळी फुलं, मधोमध पिवळेधमक परागकोश. हे पासिथिया, वेगळंच फूल. देखणं आहे, पण मध्य चिलीत रस्त्याच्या कडेलाही दिसतं आणि त्याला कंद नसतो, जमिनीखाली आडवं खोड असतं. मी भांडायला लागले तर भाऊ म्हणाला, "ताई, तो खोटं बोलत नाहीये. इथे यालाच असुलीयो म्हणतात." खरं आहे. असुलीयो म्हणजे 'निळुलं', आणि हे नाव दोन्ही फुलांना चालतं. पण फोटो मी आधी पाठवला होता. एका दांड्यावर एकच फूल आणि कमरेएवढ्या दांड्यावर फुलांचा घोस, यातला फरक फुलं दाखवून पोट भरणाऱ्या माणसाला कळत नाही, हे मी मानणार नाही. पैसे परत मिळाले नाहीत.

म्हणून सांगते, शास्त्रीय नाव वापरा आणि उच्चार 'तेकोफिलेआ' करा. तेकोफिला बिलोत्ती या इटालियन वनस्पतिचित्रकार बाईंच्या नावावरून ते आलं आहे. जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची विचारा. खरं फूल दोन ते तीन हजार मीटरच्या पट्ट्यात, बर्फ वितळल्यावर येतं. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे त्याच्याही बरंच वर. खालच्या टेकडीवर अर्ध्या तासात दाखवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. 'फूल दिसण्याची हमी' देणारी कुठलीही सहल फुकट गेली असं समजा.

पुढचे दोन दिवस वाल्पाराइसोला होतो, छान गेले. मग खरा दिवस.

जागा मी सांगणार नाही, विचारूही नका. जमीन खाजगी आहे, फाटकाला कुलूप असतं. वनस्पतींवर काम करणाऱ्या लोकांकडून ओळख, मालकाची परवानगी आणि सोबत त्यांचाच अर्रिएरो (डोंगरात खेचरं-गुरं हाकणारा), एवढं जमलं तरच जाता येतं. अर्रिएरोने मागितले ते पैसे रास्त होते, आम्ही वर थोडे दिले.

आता वाटेतल्या घसाऱ्याबद्दल, म्हणजे सुट्या दगडांच्या घसरड्या उताराबद्दल. तिथे त्याला 'अकार्रेओ' म्हणतात. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर हाताला निदान कारवी लागते. इथे काही म्हणजे काही नाही. मुठीएवढे धारदार दगड, खाली भुसभुशीत माती, आणि उतार असा की एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली. चढ तीनशे मीटरचाच असेल, पण आम्हाला दोन तास लागले. त्यात मी आणखी एक चूक केली. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे उत्तरेला तोंड असलेला उतार कोरडा आणि दक्षिणेकडचा बर्फाळ. आपली सवय बरोबर उलटी असते. मी सावलीच्या बाजूने गेले आणि कडक बर्फावर घसरून आठ-दहा फूट खाली आले. कोपर सोलवटलं. अर्रिएरोने काही न बोलता काठीने पलीकडची बाजू दाखवली. दोन काठ्या, पोटरीपर्यंतचे गेटर (बुटात बर्फ-खडे जाऊ नयेत म्हणून बांधायचं आवरण) आणि बुटांना लावायचे काटे हवेतच. यांच्याशिवाय जाऊ नका.

वेळेचं गणित तर फारच अवघड. पहाटे पाचला निघालो म्हणून वाटेतला बर्फ घट्ट मिळाला. नऊला वर पोहोचलो तर सगळी फुलं मिटलेली. ऊन चांगलं तापल्यावर अकराच्या सुमाराला उघडायला लागली. आणि बारानंतर बर्फ धरत नाही, गुडघ्यापर्यंत पाय आत जातो. म्हणजे तुमच्या हातात एकच तास, आणि ढग आले तर तोही नाही.

तो तास मी खडीवर पालथी पडून होते. बर्फाची कड हातभर अंतरावर, तिच्यातून पाणी झिरपतंय, आणि त्या ओल्या करड्या मातीतून दोन-तीन अरुंद पन्हाळीसारखी पानं आणि मधे एक फूल. गोकर्णाच्या निळ्यात जांभळा डोकावतो. यात तो अजिबात नाही. सहा पाकळ्या, घशाशी पांढुरक्या, त्या पांढऱ्यात निळ्या बारीक रेघा. आत सहा पुंकेसरांपैकी तीनच कामाचे, तीन वांझ. हे मी वाचलं होतं, पण भिंगातून मोजताना हात थरथरत होते. बाजूला पाय ठेवायला जागा शोधावी लागत होती, इतकी फुलं होती. मला रडू आलं. उतरायला उशीर झाला, बर्फात पाय रुतत राहिले, आज आठ दिवसांनीही डावा गुडघा जिना उतरू देत नाही. तरी म्हणते, जा.

बाकी थोडक्यात. विमानतळावर कृषी खात्याची तपासणी कडक आहे. फळं, बिया, मध नेऊ नका, घरचे लाडूसुद्धा अर्जावर लिहा. येताना कंद किंवा बी आणायचा विचार मनातही आणू नका, तशाच उपशाने हे फूल संपत आलं होतं. शाकाहारी असाल तर मार्राकेता पाव आणि पाल्ता म्हणजे अवोकाडो, दिवस निघतो. सनस्क्रीन दर दोन तासांनी, कानामागेसुद्धा लावा. चढवत नसेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये लंडनच्या क्यू उद्यानातल्या आल्पाइन हाउसमध्ये (डोंगरी फुलांच्या काचघरात) बघा. तिथे कुंडीत असतं, पण असतं खरंच.

आणि फाटकातून आत शिरण्याआधी फोनमधलं लोकेशन बंद करा. अर्रिएरोने आम्हा दोघांचे फोन मागून घेतले, ते बंद असल्याचं स्वतः पाहिलं आणि मगच कुलूप काढलं.