कोणी, कोणाला, कुठे, केव्हा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप आला, तेव्हा मैदान, गॅदरिंग आणि सहली यांवर बाकीचे माजी विद्यार्थी भरभरून लिहितील याची मला खात्री होती. म्हणून मी इंग्रजी व्याकरणातल्या डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच, म्हणजे एखाद्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत किंवा आपल्या शब्दांत सांगणे, या एकाच घटकाविषयी लिहीत आहे. दहावीच्या पेपरात किरकोळ गुणांसाठी येणारा हा घटक पुढे कोल्हापुरातून इंग्रजी वृत्तपत्रासाठी बातमीदारी करताना मला रोज लागू लागला, आणि आमच्या बाईंनी तो ज्या पद्धतीने शिकवला ती पद्धत मला कोणत्याही गाईडमध्ये आढळली नाही.

गाईडमध्ये तक्ता असतो. ‘नाऊ’चे ‘देन’, ‘टुडे’चे ‘दॅट डे’, ‘टुमारो’चे ‘द नेक्स्ट डे’, ‘हिअर’चे ‘देअर’. तो पाठ केला की उत्तर बरोबर येते, मात्र शब्द का बदलला हे कळत नाही. बाईंनीही तक्ता फळ्यावर लिहिला, पण त्याआधी शुक्रवारच्या शेवटच्या तासाला सगळ्या वर्गाला मैदानावर नेऊन त्या मॉनिटरला म्हणाल्या, ‘आय विल टेक युवर टेस्ट हिअर टुमारो.’ मग त्यांनी विचारले, की एखादा मुलगा आत्ता उशिरा इथे आला, तर त्याला हे कसे सांगाल? उत्तर निघाले, ‘मॅडम सेड दॅट शी वुड टेक अवर टेस्ट हिअर टुमारो.’ आणि सोमवारी वर्गात मुख्याध्यापकांनी विचारले तर? ‘मॅडम सेड दॅट शी वुड टेक अवर टेस्ट देअर द नेक्स्ट डे.’ आणि खुद्द मलाच माझ्या बोलण्याची आठवण करून द्यायची असेल तर? तेव्हा ‘शी’ जाऊन ‘यू’ आले: ‘यू सेड दॅट यू वुड टेक अवर टेस्ट.’ मूळ वाक्य एकच असताना तीन उत्तरे आली आणि तिन्ही बरोबर ठरली, कारण कोण, कोणाला, कुठे उभे राहून आणि केव्हा सांगतो आहे यावर सर्वनामे आणि स्थळकाळाचे शब्द ठरतात. परीक्षेतले वाक्य नेहमी दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या जागी सांगितले जात आहे असे गृहीत धरलेले असते, म्हणून तिथे तक्ता चालतो.

मराठी मुलांना हा घटक जड जातो, कारण आपली बोलण्याची रीतच वेगळी आहे. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ या वाक्यात ‘की’ आल्यानंतरही बोलणाऱ्याचा ‘मी’, त्याचा ‘उद्या’ आणि त्याचा वर्तमानकाळ जसाच्या तसा राहतो. तोच साचा इंग्रजीत वापरून ‘ही सेड दॅट आय विल कम टुमारो’ लिहिले की येणारा माणूसच बदलतो. तो नव्हे, मी येणार असा अर्थ होतो. प्रश्नार्थक वाक्यांतही हा ‘की’ आडवा येतो. ‘त्याने विचारले की तू कुठे राहतोस’ यावरून मुले ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह’ लिहीत. बाई आधी ‘दॅट’ खोडायला लावत, मग ‘डू’, आणि शेवटी ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड’ एवढेच उरे. हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ जोडायचे, आणि प्रश्नचिन्हाला रजा द्यायची.

काळाचा नियम त्यांनी थोडक्यात उरकला: सांगणारे क्रियापद भूतकाळी असेल तर आतले क्रियापद एक पायरी मागे जाते, ‘सेज’ असेल तर जागचे हलत नाही. नेहमीच खऱ्या असणाऱ्या गोष्टींसाठी त्यांनी भूगोलाच्या तासातले वाक्य घेतले होते. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, ती काल मिळत होती आणि उद्याही मिळणार, म्हणून सरांनी ते केव्हाही सांगितलेले असो, ‘मीट्स’ हे ‘मीट्स’च राहू शकते.

सर्वांत रंगला तो आज्ञार्थी वाक्यांचा तास. ‘डोन्ट स्टँड ऑन द फुटबोर्ड’ हे केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बसच्या, कंडक्टरचे वाक्य होते. ‘नॉट टु स्टँड’ इथपर्यंत सगळे आले, परंतु ‘सेड टु’च्या जागी काय घालायचे यावर मतभेद झाले. एकाने ‘रिक्वेस्टेड’ सुचवताच बाई म्हणाल्या, ‘भरलेल्या गाडीत कंडक्टर विनंती करताना कधी ऐकलायस का रे?’ शेवटी ‘वॉर्न्ड’ ठरले. उद्गारार्थी वाक्यांविषयी मात्र माझे मत आजही प्रतिकूल आहे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती चितपट झाल्यावर जो गलका उठतो, त्याला ‘एक्सक्लेम्ड विथ जॉय’ म्हणणे परीक्षेबाहेर कोणालाही शोभणार नाही.

कंडक्टरच्या त्या वाक्याने जे शिकवले ते व्यवसायात सर्वाधिक उपयोगी पडले. साखर कारखान्याच्या सभेत अध्यक्ष सांगतात की उसाची बिले वेळेवर दिली आहेत, आणि ती बातमी इंग्रजीत लिहिताना ‘सेड’, ‘क्लेम्ड’ किंवा ‘ॲडमिटेड’ यांपैकी एक क्रियापद मला निवडावे लागते. ‘क्लेम्ड’ लिहिले तर मी त्यांच्या म्हणण्यावर शंका घेतल्यासारखे होते. काही बिले थकल्याचे ते बोलले आणि मी ‘ॲडमिटेड’ लिहिले, तर त्यांनी जणू आरोप कबूल केला असा अर्थ निघतो. म्हणून नव्याने आलेल्या बातमीदारांची बातमी तपासताना मी आधी त्यांचे सांगणारे क्रियापद पाहतो, आणि दहापैकी नऊ वेळा तिथे ‘सेड’ करायला लावतो.